मिस्त्रींच्या काड्या

रोज सकाळी चहाच्या आधी मिस्त्रींच्या तोंडात पंधरा काड्या जायच्या. आईस्क्रीमच्या असतात ना, तसल्या चपट्या, लाकडी. खिडकीजवळच्या स्टुलावर ते शहाण्या बाळासारखे आ करून बसायचे आणि त्यांची बायको त्यांच्या पुढच्या दातांमध्ये एकावर एक काड्यांची चवड सरकवत जायची. शेवटच्या काडीला जरा जोर लावावा लागे. मिस्त्री डोळे वटारायचे. ती आत गेली की बायको म्हणायची, "पास." मग चहा.

आता हे ऐकून कुणालाही वाटेल, काय खुळं जोडपं आहे. पण तसं नव्हतं. चार वर्षांपूर्वी मिस्त्रींना गालाच्या आत, दाढेच्या मागे कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, मग शेक झाले. रेडिएशनला हॉस्पिटलात सगळे शेकच म्हणतात, जसं काही कुणी गरम पाण्याची पिशवी धरतंय. त्या शेकांनी गाठ गेली, पण जाताना तोंडातली लाळ घेऊन गेली. त्या बाजूची दाढी उगवायची बंद झाली. "साबण निम्माच लागतो," मिस्त्री म्हणायचे, म्हणजे त्याचंही त्यांना कौतुकच. आणि जबडा आखडू लागला. डॉक्टरबाईंनी बजावून ठेवलं होतं, की रोज काड्यांचा व्यायाम करा, आणि काड्या कमी जायला लागल्या तर घरी अंदाज बांधत बसू नका. नुसता आखडलेपणा असेल, नाहीतर गाठ परत आलेली असेल. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर हजर व्हायचं.

तेव्हापासून बायकोचा सगळा जीव त्या पंधरा काड्यांवर. दुसरं होतं तरी कोण तिला? मूलबाळ झालं नाही. घराच्या मागेच कारखाना, कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. त्यात मिस्त्री लाकूडकाम करायचे आणि पॉलिश ती करायची. तीस वर्षं दोघं एकाच भुशात वावरले. मिस्त्रींना सगळे मिस्त्रीच म्हणत, तीसुद्धा कधी लाडात आली की म्हणायची, आणि तिला आपसूक मिस्त्रीणबाई हे नाव पडलं होतं. टेबलावरून नुसता हात फिरवला तरी रंधा कुठे चुकलाय ते तिच्या बोटांना कळायचं. मिस्त्री वैतागून म्हणायचे, "अगं, गिऱ्हाईक डोळ्यांनी बघतं." ती म्हणायची, "गिऱ्हाईकाचं राहू द्या, मला खुपतंय."

वरच्या मजल्यावर तिची धाकटी नणंद राहायची. नवरा गेल्यापासून ती भावाकडे आली होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. तिनंच एक दिवस जेवताना म्हटलं, "दादा, तू दात न उघडता बोलायला लागलास. मोठा साहेब झालास की काय?"

मिस्त्री हसले. मिस्त्रीणबाई मात्र वाढता वाढता थांबल्या. "वन्सं, काहीतरीच काय? आज सकाळीच पंधरा काड्या गेल्यात."

"मग माझे कान गेले असतील," नणंद म्हणाली आणि ताट उचलून गेली.

पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. मागच्या तपासणीला मिस्त्री गेले नव्हते. मोठी ऑर्डर होती, आठ खुर्च्यांची, आणि तिनंही फारसं ताणलं नव्हतं, कारण काड्या पुरत्या जात होत्या. आता ती हट्टाला पेटली. मिस्त्री म्हणाले, उगाच कशाला, पुढच्या महिन्यात जाऊ. ती म्हणाली, "वन्संचं तोंड बंद करायला तरी चला."

डॉक्टरबाईंनी मिस्त्रींना आ करायला सांगितलं. प्लॅस्टिकची छोटी पट्टी दातांमध्ये धरली, पाहिली, काढली, पुसली आणि पुन्हा धरली. दुसऱ्यांदा पट्टी धरली तेव्हाच मिस्त्रीणबाईंना कळलं होतं, पण तोंड थांबेना.

"काही नाही हो डॉक्टर, आज सकाळीच पंधरा गेल्या. मी स्वतः घातल्या."

"तोंड फार कमी उघडतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पंधरा काड्या जाणं शक्य नाही."

"शक्य नाही म्हणजे? मी खोटं सांगतेय का?" तिनं पर्समधून डबी काढली. काड्या ती बरोबरच घेऊन आली होती. डॉक्टरबाईंच्या हातावर तिनं त्या ठसक्यात ठेवल्या, साक्षीदार उभा करावा तशा. मिस्त्री जमिनीकडे बघत होते.

डॉक्टरबाईंनी टेबलावरच्या बरणीतून एक नवी काडी घेतली आणि डबीतल्या एका काडीशेजारी धरली. दोन्ही काड्या मिस्त्रीणबाईंच्या हातात दिल्या.

डोळ्यांची गरजच नव्हती. बोटांना कळलं. डबीतली काडी जाडीला निम्म्याहून थोडीच जास्त होती. दोन्ही बाजूंनी काचपेपर मारलेला, सगळीकडे सारखा, कडा कुठे मोडलेली नाही, टोकं गोल होती तशीच गोल. सगळ्या पंधरा काड्या तशाच. काय सांगावं माणसाच्या मनाचं, तिच्या मनात आधी आलं ते हे, की काम सुंदर केलंय. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

आणि मग तिला आठवलं, की काड्या हल्ली गुळगुळीत लागतात असं तिच्या बोटांनी तिला सांगितलं होतं. दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. वापरून वापरून झाल्या असतील, असं म्हणून तिनं बोटांना गप्प केलं होतं.

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी ती म्हणाली, "का?"

मिस्त्री स्टुलावर बसले. "एक दिवस पंधरावी गेली नव्हती, आठवतंय? तू म्हणालीस, राहू दे, उद्या जाईल."

तिला आठवत होतं.

"त्या दिवशी तू काही खाल्लं नाहीस. पॉलिशचा डबा सांडलास. मला दिसत होतं, तू माझ्याकडे बघायचीस आणि मान फिरवायचीस. मग म्हटलं, एकदा जरा घासून बघू. एकदाच. दुसऱ्या दिवशी पंधरावी गेली तर तू गाणं म्हणत चहा केलास." ते थांबले. "मग ते सोडवेना."

"मग घासत राहिलात."

"हो. तोंड मिटत गेलं तसा घासत गेलो."

"माझ्या चेहऱ्यासाठी?"

"आणखी कशासाठी घासणार?"

तिला इतका राग आला, की हातात जे असेल ते फेकून मारावं. हातात पर्स होती. ती तिनं नीट खुंटीला अडकवली. "एवढी वर्षं संसार केला," ती म्हणाली, "आणि तुम्हाला एवढंही कळलं नाही, की मला हसरा चेहरा नको होता, नवरा हवा होता."

मिस्त्रींनी मान खाली घातली. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नणंद वरून खाली, खालून वर निरोप पोचवत राहिली आणि दोघांनाही शिव्या घालत राहिली.

सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. गाठ परत आली होती. जबड्याच्या मागून मानेत उतरली होती आणि मेंदूकडे रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी तिथे असते, तिला जाऊन टेकली होती. ऑपरेशन करता येणार नव्हतं. औषधांनी थोडाफार लगाम बसला असता. राहता राहिले शेक, दुसऱ्यांदा.

"पण आधीच सांगते," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या सावकाश बोलत होत्या, हे बोलणं त्यांना आवडत नाही हे दिसत होतं. "ज्या जागेला एकदा पुरेपूर शेक दिलेत, ती जागा ते विसरत नाही. कातडी, हाड, रक्तवाहिनी, सगळं आतून कमजोर झालेलं असतं. आपण थोड्याच भागाला देऊ, दिवसातून दोनदा, लहान लहान डोस. तरी जखमा होतील. जबड्याचं हाड सडू शकतं. पोटात नळी घालावी लागेल. आणि ती रक्तवाहिनी फुटू शकते."

"नाही घेतले तर?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही महिने."

"आणि घेतले तर?"

"काही जणांना वर्ष, दोन वर्षं मिळतात. काही जणांना तेवढेच महिने मिळतात, पण त्रासात. तुम्ही कशात बसाल ते मला आज सांगता येत नाही."

मिस्त्रीणबाईंनी विचारलं, "तीन महिन्यांपूर्वी आलो असतो तर?"

डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं, काढलं. "तो हिशोब आता नका करू," त्या म्हणाल्या. म्हणजे उत्तर मिळालंच की.

घरी येताना मिस्त्री म्हणाले, "मला नकोत ते शेक. एकदा भाजून झालंय. काम करीन जमेल तेवढं, मग बघू."

"बघू काय? काय बघणार आहात?"

"अगं, ऐक तरी."

"मी ऐकलं. तीन महिने तुमच्या काड्यांचं ऐकलं." रस्त्यात माणसं होती, तिला त्याचं भान नव्हतं. "आता तुम्ही माझं ऐका. तुमची इच्छा नसेल तर नसू दे. माझ्यासाठी घ्या."

कोपऱ्यावर आल्यावर मिस्त्री म्हणाले, "घेतो."

"आणि आणखी एक. आजपासून मला खोटं सांगायचं नाही. बरं वाटलं तर बरं, वाईट वाटलं तर वाईट. एक सूत कमी नाही, एक सूत जास्त नाही."

"बरं."

"माझ्या चेहऱ्याकडे बघायचं नाही."

"नाही बघणार. मिस्त्रीचा शब्द."

आता मिस्त्री शब्दाचा किती पक्का होता, हे तिला ठाऊक असायला हवं होतं. सांगितल्या तारखेला खुर्ची द्यायची म्हणून ताप अंगावर काढणारा माणूस. पण त्या वेळी ती रागात होती आणि घाबरलेली होती. तिला फक्त तो हवा होता, कसाही.

शेक सुरू झाले. जाळीच्या प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून मिस्त्रींच्या चेहऱ्यावर दाबला, तो गार होऊन कडक झाला, की झाला मास्क. तो चेहऱ्यावर चढवून टेबलाला खिट्ट्यांनी पक्का करायचा, म्हणजे मान केसभरही हलत नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मधल्या सहा तासांत घरी जाऊन येणं परवडायचं नाही, म्हणून दोघं तिथेच कॉरिडॉरमध्ये बसून राहायची. पहिल्या आठवड्यात मिस्त्री बाकांवर टीका करायचे. हे बघ, सांध्याला नुसती फेव्हिकॉलची पट्टी मारलीय. हे बघ, पाय आखूड झाला म्हणून खाली पुठ्ठा घातलाय, शरम नाही. शेजारच्या पेशंटांनाही त्यांनी ते बाक उलटं करून दाखवलं. सिस्टर रागावल्या, मग त्यांनी आपल्या टेबलाचा ड्रॉवर अडकतो म्हणून मिस्त्रींना बोलावून नेलं. तेवढा आठवडा बरा गेला.

मग मिस्त्रींनी शब्द पाळायला सुरुवात केली.

"कसं वाटतंय?" ती विचारायची. रोज विचारायची, तिलाच खरं हवं होतं ना.

"थुंकी गिळताना काचा गिळल्यासारखं होतंय."

दुसऱ्या दिवशी, "मास्क लावला तेव्हा ओरडलो. तोंड दाबलेलं असतं, कुणाला ऐकू जात नाही."

आणखी एक दिवस, "आरशात बघितलं. मानेची कातडी सुटतेय. माझाच मला वास येतोय."

आवाज खोल जात चालला होता, पण सांगणं बारीकसारीक. लाकडाला कुठे भेग आहे, कुठे गाठ आहे, किती खोल आहे हे गिऱ्हाईकाला आधीच दाखवून द्यायची त्यांची पद्धत होती. तसंच ते आता स्वतःबद्दल सांगायचे. तिच्या चेहऱ्याकडे बघायचे नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघून सांगायचे.

पोटात नळी आली. मिस्त्रीणबाई त्यातून दूध, गाळलेलं सूप सोडायला शिकल्या. हात कापायचे नाहीत, पॉलिशचा हात होता. पण जेवायला बसल्या की घास फिरायचा. ज्या माणसानं तीस वर्षं समोर बसून जेवण केलं, तो आता दारातून बाहेर बघत बसायचा, आणि विचारलं तर खरं सांगायचा, "भूक लागते. तुझ्या ताटाचा वास येतो. तोंडात घालावंसं वाटतं आणि घालता येत नाही." त्या दिवसापासून ती स्वयंपाकघराचं दार लावून उभ्यानं खायची.

एकदा दोन शेकांच्या मधल्या वेळात, त्याच बाकावर, तिनं नेहमीचं विचारलं. मिस्त्री म्हणाले, "आज तुझा राग आला."

"माझा?"

"तू म्हणालीस म्हणून घेतोय. मास्कच्या आत पडलो होतो तेव्हा वाटलं, हिनं मला इथे आणून बांधलं." थोड्या वेळानं त्यांनी भर घातली, "आता तेवढा नाहीये. पण आला होता."

"सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. उठली, बायकांच्या बाथरूममध्ये गेली, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. तोंड धुऊन परत आली तेव्हा मिस्त्रींनी बाकावर तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती.

नणंदेनं एका दुपारी तिला जिन्यात गाठलं. इतर वेळी तोंडाचा पट्टा चालवणारी ती बाई हात जोडून उभी होती. "वहिनी, थांबव गं. दादाचे हाल बघवत नाहीत."

"वन्सं, आता थोडेच राहिलेत."

"थोडेच म्हणजे तो राहील का?"

मिस्त्रीणबाई वर न बघता खाली उतरल्या. थांबवलं तर त्या काड्यांचा राग कुणावर काढायचा, आणि बोटांचं ऐकलं नाही म्हणून स्वतःवरचा राग कुठे न्यायचा, हे त्यांना कळत नव्हतं. शेक चालू होते तोवर काहीतरी चालू होतं.

थांबवायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. संध्याकाळच्या शेकाआधी मिस्त्री चूळ भरायला बेसिनपाशी गेले आणि तिथून त्यांनी हातानंच तिला बोलावलं. बेसिनमध्ये रक्त होतं. फार नव्हतं, पेलाभरही नसेल. आपोआप थांबलंही. पण सिस्टरांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा झरकन बदलला. धावपळ झाली, आत नेलं, फोटो काढले. रात्रभर ठेवून घेतलं.

सकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "शेक थांबवतोय. रक्तवाहिनीची भिंत खचलीय. तिच्यात आतून आधाराची नळी बसवता येईल का तेही बघितलं, पण जागा धड राहिलेली नाही."

"आणि गाठ?" तिनं विचारलं.

"आहे."

एवढंच. सगळे हाल झाले, आणि गाठ आहे. तिला वाटलं होतं असं काही ऐकलं तर आपण कोसळू. पण ती उभी राहिली आणि म्हणाली, "मग घरी नेऊ ना?"

निघताना त्याच ड्रॉवरवाल्या सिस्टरांनी तिला बाजूला घेतलं. कालचं रक्त हा इशारा होता, त्या म्हणाल्या. मोठा रक्तस्राव कदाचित होणार नाही, कदाचित होईल. झाला तर फार वेळ नसतो. त्यांना झोप लागेल असं औषध देऊन ठेवते, ते कसं द्यायचं दाखवते. "आणि बाई, गडद रंगाचे टॉवेल आणून ठेवा, उशाशी. पांढऱ्यावर फार दिसतं, पेशंट घाबरतो. झालंच तर फोन करायला पळू नका. हात धरून बसा." सिस्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हे आधी कितीजणींना बोलल्या असतील कोण जाणे.

मिस्त्रींना घरी निजवून, नणंदेला जवळ बसवून ती टॉवेल आणायला गेली. दुकानदार बोलका होता. त्यानं गठ्ठाच उलगडला. "हा बघा, नवीन आलाय, फिकट पिस्ता. हा मोतिया. पाहुण्यांसाठी हवेत का?"

"घरातल्यांसाठी. गडद दाखवा."

"गडद आता कुणी घेत नाही हो. बाथरूम अंधारं दिसतं."

"मरून आहे का?"

होता. तिनं सवयीनं टॉवेलवरून हात फिरवला. चांगला जाड होता, भरपूर पाणी पिणारा. त्या विचारासरशी तिनं हात मागे घेतला. दुकानदार रंगाची हमी देत होता, कितीही धुवा, तसूभर जाणार नाही. तिनं मान हलवली आणि चार घेतले.

घरी येऊन तिनं ते घडी घालून उशाशी ठेवले. मिस्त्री जागे होते. आवाज आता नुसता वारा राहिला होता, जवळ कान नेला तरच कळायचा.

"टॉवेल कशाला?"

जुने विटले होते, असं ती सहज म्हणू शकली असती. जिभेवर आलंही होतं. मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं, आणि तिला कळलं की नियम तिनंच केला होता आणि तो एकट्या त्यांच्यासाठी नव्हता.

ती खाटेच्या कडेला बसली आणि तिनं सगळं सांगितलं. रक्तवाहिनीचं, औषधाचं, टॉवेल गडद का, तेही. भिंतीकडे बघून नाही सांगता आलं तिला, त्यांच्याकडे बघूनच सांगितलं. नणंद मध्येच उठून बाहेर गेली.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. टॉवेलाच्या घडीवर बोटं ठेवली. मग म्हणाले, "भीती वाटते गं."

यंत्राच्या पात्यात बोट जाऊन अर्धं तुटलं होतं तेव्हा फडकं गुंडाळून आधी गिऱ्हाईकाला खुर्ची पोचवणारा हा माणूस. पहिल्या वेळी कॅन्सर आहे कळलं तेव्हा, "बरं, मग?" म्हणालेला. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांच्या तोंडून हा शब्द तिनं ऐकला नव्हता. ती त्यांच्या छातीवर डोकं ठेवून राहिली, नळीला धक्का लागू नये अशी तिरकी. तिलाही वाटत होती.

त्यानंतर रोज सकाळी तेच. ती विचारायची, ते सांगायचे. "जाग आली की आधी मानेला हात लावतो." "खोकला आला की वाटतं, आता." "तू बाहेर गेलीस की घड्याळ बघतो, तू यायच्या आत होईल म्हणून." मिस्त्री शब्दाला जागत होते. मागितलेलं सगळं तिला मिळत होतं, मापाबरहुकूम. आणि ते सांगून झाल्यावर त्यांच्या डोळ्यांत जे दिसायचं ते बघून तिला कळलं, की सांगताना हा माणूस दररोज एकदा ते सगळं पुन्हा भोगतोय. आपल्यासाठी. आपण म्हणालो म्हणून. तिला खरं नको होतं आता. खरं तिला ठाऊकच होतं, ते उशाशी घडी घालून ठेवलेलं होतं.

पुढच्या सकाळी तिनं खिडकी उघडली, त्यांची उशी सारखी केली, नळीतून पाणी सोडलं. कारखान्याच्या पत्र्यावर ऊन आलं होतं. नणंद वर भांडी घासत होती.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

मिस्त्रींनी डोळे भिंतीकडे वळवले. सांगायचं म्हणून श्वास गोळा केला. "मानेत..."

"नाही," ती म्हणाली. "थांबा. तसं नको."

त्यांनी बघितलं.

"माझ्याकडे बघा. आणि खोटं सांगा."

मिस्त्रींना आधी समजलं नाही. मग समजलं. त्यांनी तिचा चेहरा नीट पाहिला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, कितीतरी आठवड्यांनी पाहिला. आखडलेल्या जबड्यातून जेवढं हसता येईल तेवढे हसले.

"झकास," ते म्हणाले.

"खरंच?"

"मग! झोप चांगली लागली." श्वास घ्यायला थांबले. "आता उठतो. त्या दोन खुर्च्या राहिल्यात, त्यांचे पाय बसवून टाकतो. संध्याकाळी आपण दोघं फिरायला जाऊ. लांब."

"किती लांब?"

"तुझे पाय दुखेपर्यंत."

"मग मला लवकर आवरायला हवं," ती म्हणाली, आणि फणी घेऊन, त्यांना दिसेल अशी, खरंच केस विंचरायला बसली.